हंगामाआधी मेमरीचा हिशेब : द्राक्ष पॅकहाऊसच्या सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२५

कामाचे स्वरूप आधी नोंदवून ठेवतो. पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतजवळ महामार्गालगत आहे आणि सर्व्हर मात्र नाशिकमध्ये, अंबडच्या कार्यालयातल्या छोट्या वातानुकूलित खोलीत आहे. सर्व्हर एकच असून त्याला दोन प्रोसेसर आणि १२८ जीबी मेमरी आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स हे एका यंत्रात अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे सॉफ्टवेअर चालते आणि लेखा विभाग, ट्रेसेबिलिटी (कोणती पेटी कोणत्या प्लॉटची याची नोंद), वजनकाटा, फाइल्स, कॅमेरे आणि कर्मचाऱ्यांचे रिमोट डेस्कटॉप या सगळ्यांच्या व्हर्च्युअल मशीन त्याच पेटीत राहतात. गेल्या आठवड्यात रात्रीच्या बॅकअपच्या वेळी लेखा विभागाची मशीन अचानक बंद पडली. सकाळी ती पुन्हा सुरू केली तेव्हा काहीच बिघडले नसल्यासारखी चालू झाली, त्यामुळे कार्यालयाच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले होते. परंतु ऑक्टोबरच्या छाटण्या होऊन गेल्या आहेत आणि जानेवारीत काढणी सुरू झाली की ट्रेसेबिलिटीची मशीन मिनिटभरही बंद राहून चालणार नाही, कारण पेटीवर बारकोड लागल्याशिवाय पेटी प्रीकूलिंगला जात नाही आणि प्लॉटचा धागा तुटलेला माल युरोपला पाठवता येत नाही. म्हणून हे बंद पडणे नेमके कशाने झाले ते शोधणे आणि हंगामाआधी मेमरीची मांडणी नव्याने करणे, असे या कामाचे दोन भाग ठरवले.

११ नोव्हेंबर

होस्टच्या, म्हणजे सगळ्या मशीन पोटात घेणाऱ्या मूळ सर्व्हरच्या, कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदी वाचल्या. कारण तिथे सरळ लिहिलेले आहे. होस्टची मेमरी संपली, कर्नलने आउट ऑफ मेमरीची कारवाई केली आणि 'केव्हीएम' नावाची एक प्रक्रिया मारून टाकली. प्रॉक्समॉक्सवर प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ही होस्टच्या लेखी याच नावाची एक साधी प्रक्रिया असते, ही गोष्ट विंडोजमध्ये वाढलेल्या मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. कर्नलला त्या प्रक्रियेच्या आत हिशेबाची वही आहे की चाचणीचा कचरा आहे, हे कळण्याचा मार्ग नाही. तो प्रामुख्याने कोणी किती मेमरी अडवली आहे ते पाहतो आणि सर्वांत मोठ्या प्रक्रियेला लक्ष्य करतो. आपल्याकडे सर्वांत जास्त मेमरी भरून बसलेली मशीन म्हणजे लेखा विभागाची, आणि म्हणून नेमकी तीच गेली. गेस्टच्या, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या, आत विंडोजच्या नोंदींमध्ये मात्र मेमरी कमी पडल्याची एकही सूचना नाही. 'अनपेक्षितपणे बंद झाले' एवढीच ओळ आहे. वीज गेल्यावर जशी नोंद दिसते अगदी तशीच ही दिसते, त्यामुळे कार्यालयाने यूपीएसवर संशय घेतला होता, यात नवल नाही.

१४ नोव्हेंबर

आज कोणत्या मशीनला किती मेमरी कबूल केली आहे, याची यादी केली. लेखा विभाग ३२ जीबी, रिमोट डेस्कटॉप ३२, ट्रेसेबिलिटी २४, फाइल सर्व्हर १६, चाचणीची मशीन १६, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग ८, वजनकाटा ४ आणि देखरेखीची मशीन ४. बेरीज १३६ होते. म्हणजे १२८ जीबीच्या होस्टवर १३६ जीबीचे वायदे केलेले आहेत. यालाच ओव्हरकमिट म्हणतात आणि ते स्वतःहून वाईट नाही. व्हर्च्युअल मशीनला ३२ जीबी दिले म्हणजे त्या क्षणी ३२ जीबी भौतिक मेमरी बाजूला काढली जात नाही. गेस्ट ज्या पेजला (मेमरीच्या छोट्या ठरावीक तुकड्याला) पहिल्यांदा हात लावतो, त्या पेजसाठीच होस्ट खरी जागा देतो. त्यामुळे सगळे एकाच वेळी आपला वाटा मागत नाहीत तोवर १३६ चे वायदे १२८ मध्ये आरामात बसतात.

पण यादीत नसलेला एक भिडू आहे आणि तोच सर्वांत मोठा निघाला. डिस्क झेडएफएस या फाइल प्रणालीवर आहेत आणि झेडएफएसचा स्वतःचा एआरसी नावाचा वाचन-कॅश (वाचलेल्या डेटाचा तात्पुरता साठा) होस्टच्या मेमरीत राहतो. लिनक्सवर तो पूर्वापार एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत वाढू शकत असे. प्रॉक्समॉक्सच्या ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही मर्यादा एकूण मेमरीच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी अशी खाली आणली आहे, परंतु ती फक्त नव्याने बसवलेल्या सर्व्हरला लागू होते. आपला सर्व्हर जुन्या आवृत्तीवर बसवून नंतर वर नेलेला असल्याने इथे मर्यादा अजूनही ६४ जीबीचीच आहे. तेव्हा वायदे खरे म्हणजे १३६ चे नसून २०० चे आहेत.

एआरसी दबाव आला की आकसतो, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे, पण तो किती वेगाने आकसतो हा प्रश्न उरतोच. बॅकअप सगळ्या डिस्क वाचत जातो तेव्हा कॅश वेगाने फुगतो, आणि त्याच वेळी एखाद्या गेस्टने मोठी मागणी केली तर कॅश वेळेवर हटत नाही. शिवाय 'फ्री' या आज्ञेच्या उत्तरात एआरसी कॅशच्या रकान्यात दिसत नाही, वापरलेल्या मेमरीत मोजला जातो. साहजिकच होस्ट भरलेला पाहण्याची डोळ्यांना सवय होते आणि खरोखर भरतो तेव्हा फरक जाणवत नाही.

१८ नोव्हेंबर

आता एकेका गेस्टच्या आत शिरलो. लेखा विभागाच्या मशीनमध्ये एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आहे आणि त्याच्या जास्तीत जास्त मेमरीच्या रकान्यात २१४७४८३६४७ एमबी हा आकडा जसाच्या तसा आहे. हा मूळचा आकडा असून त्याचा अर्थ मर्यादा नाही, एवढाच. अशा वेळी एसक्यूएल सर्व्हर डिस्कवरून जे वाचतो ते बफर पूल या आपल्या मेमरीतल्या साठ्यात साठवत जातो आणि विंडोजने मेमरी कमी पडत असल्याची खूण करेपर्यंत थांबत नाही. हे वागणे योग्यच आहे, कारण एका स्वतंत्र यंत्रावर रिकामी पडलेली मेमरी वाया गेलेली असते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र तेच वागणे शेजाऱ्याच्या मुळावर येते. गेस्टला वाटते की ३२ जीबी माझेच आहेत, म्हणून तो ते भरतो. त्याने एकदा हात लावलेले पेज होस्टच्या दृष्टीने कायमचे व्यापलेले राहते, मग आत ते मोकळे झाले तरीही. गेस्टने मोकळी केलेली पेजे होस्टला कळवण्याची सोय लिनक्सच्या ५.७ या आवृत्तीपासून बलून या आभासी उपकरणातून (त्याबद्दल पुढे) आली आहे, पण ती वेगळी चालू करावी लागते आणि ती इथे चालू नाही.

लेखा विभागातील ताईंकडून वर्षातले सर्वांत जड अहवाल कोणते ते विचारून घेतले आणि दुपारी त्यांच्याच समोर ते चालवून पाहिले. डेटाबेसच्या फाइल्स सगळ्या मिळून १५ जीबीच्याही आत आहेत. मर्यादा २० जीबी ठेवली आणि तेच अहवाल पुन्हा काढले. ताईंच्या घड्याळात फरक पडला नाही. मशीनची एकूण मेमरी ३२ वरून २८ वर आणायला हरकत नाही, असे ठरवले.

२० नोव्हेंबर

फाइल सर्व्हरला १६ जीबी कशाला दिले होते, याचे उत्तर कोणाकडेच नाही. फाइल सर्व्हरमधला लिनक्स फाइल्स आपल्या कॅशमध्ये ठेवतो आणि खाली होस्टवर एआरसीही त्याच फाइल्स ठेवतो, त्यामुळे एकच कोटेशनची पीडीएफ मेमरीत दोनदा राहते. ८ जीबी पुरेत.

२५ नोव्हेंबर

बलूनिंगकडे वळलो. कल्पना चतुर आहे. गेस्टच्या आत एक ड्रायव्हर असतो, होस्टला मेमरी हवी असली की तो गेस्टकडून पेजे मागून घेतो आणि ती होस्टच्या हवाली करतो. कोणती पेजे सोडायची हे गेस्टचाच कर्नल ठरवतो, आणि हाच या पद्धतीचा खरा फायदा आहे, कारण आत काय महत्त्वाचे आहे ते फक्त त्यालाच ठाऊक असते. व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये ईएसएक्स सर्व्हरच्या संदर्भात ही पद्धत तपशिलाने मांडली आणि पुढे केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनच्या) जगातही तीच कल्पना व्हर्ट-आयओ या आभासी उपकरणांच्या संचातल्या ड्रायव्हरच्या रूपाने आली.

प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक मशीनला किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा देता येतात. होस्टचा वापर ८० टक्क्यांच्या वर गेला की स्वयंचलित बलूनिंग मशीनना किमान मर्यादेकडे ढकलू लागते आणि त्याखाली आला की पुन्हा सैल सोडते. आपल्या दोन्ही विंडोज मशीनना ३२ कमाल आणि १६ किमान असे आकडे घातलेले आहेत. ज्याने ते घातले त्याचा हिशेब बहुधा असा असावा की अडचणीच्या वेळी दोन्ही मिळून ३२ जीबी परत देतील. रिमोट डेस्कटॉपच्या मशीनमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडला तर यादीत पिवळ्या उद्गारचिन्हासह नुसते 'पीसीआय डिव्हाइस' उभे होते. तेच बलूनचे उपकरण. व्हर्ट-आयओचा ड्रायव्हर तिथे कधी बसवलेलाच नाही. लेखा विभागाच्या मशीनमध्येही तेच. लिनक्समध्ये हा ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो, विंडोजमध्ये तो हाताने बसवावा लागतो, आणि तो नसेल तर किमान मर्यादेचा आकडा निव्वळ शोभेचा राहतो. त्या रात्री होस्टने मेमरी मागितली असेल, पण देणारा कोणी नव्हता.

ड्रायव्हर दोन्हीकडे बसवला, पण बलूनच्या भरवशावर हंगाम काढायचा नाही, असे माझे मत झाले आहे. बलून फुगायला वेळ लागतो, आणि डेटाबेसच्या मशीनमध्ये तो फुगला की एसक्यूएल सर्व्हर आपला बफर पूल सोडतो. मग तोच डेटा पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो, म्हणजे मेमरीची टंचाई फक्त डिस्कच्या रांगेत जाऊन उभी राहते. शिवाय निदान अवघड होते. बलून फुगलेल्या विंडोजमध्ये टास्क मॅनेजर मेमरी भरलेली दाखवतो, पण सगळ्या प्रक्रियांची बेरीज केली तर ती निम्मीही भरत नाही. हरवलेली मेमरी ड्रायव्हरने अडकवलेल्या रकान्यात असते आणि तो रकाना पाहण्यासाठी वेगळे साधन वापरावे लागते. लेखा विभाग आणि ट्रेसेबिलिटी यांना किमान आणि कमाल सारखेच ठेवायचे. बलूनचे उपकरण तरीही ठेवायचे, कारण गेस्टच्या आतली मेमरीची स्थिती होस्टला त्यातूनच कळते.

२८ नोव्हेंबर

आज केएसएम. होस्टच्या देखरेखीच्या पडद्यावर केएसएममुळे ७ जीबी वाचत असल्याचे दिसते आणि हा आकडा पाहून कोणालाही बरे वाटेल. केएसएम ही लिनक्सच्या २.६.३२ आवृत्तीपासूनची सोय आहे. ती पार्श्वभूमीला पेजे चाळत राहते, दोन पेजांतला मजकूर हुबेहूब सारखा असेल तर एकच प्रत ठेवते आणि ती केवळ वाचण्यापुरती सामाईक करते. कोणी त्यावर लिहू लागले की त्याला लगेच स्वतंत्र प्रत काढून दिली जाते.

या ७ जीबीत काय आहे ते पाहण्यासाठी रात्री चाचणीची मशीन आणि रिमोट डेस्कटॉप दोन्ही पुन्हा सुरू केल्या. काही वेळातच वाचलेली मेमरी वाढत गेली आणि सकाळी कर्मचाऱ्यांनी लॉगिन करायला सुरुवात केल्यावर ती झपाट्याने उतरली. विंडोज सुरू होताना मोकळी पेजे शून्याने भरतो, आणि अशी शून्याची पेजे सगळी एकसारखीच असल्यामुळे केएसएम त्यांची मोट बांधतो. म्हणजे हे ७ जीबी बहुतांशी वाचलेले नसून अजून कोणी न मागितलेले आहेत. काम वाढले की ते पहिल्या फटक्यात परत द्यावे लागतील, आणि काम नेमके हंगामात वाढते. शीतगृहाच्या बाबतीत बागायतदारांना जो अनुभव येतो तोच हा : सगळ्यांना जागा देऊ म्हटलेली असते आणि माल सगळ्यांचा एकाच आठवड्यात येतो.

सुरक्षेचा मुद्दाही आहे. सामाईक पेजवर लिहायला लागणाऱ्या वेळेवरून शेजारच्या मशीनमध्ये काय आहे याचा अंदाज बांधता येतो, असे संशोधनातून दिसल्यावर व्हीएमवेअरने २०१४ मध्ये वेगवेगळ्या मशीनमधली पेजे सामाईक करण्याची पद्धत यापुढे मुळात बंद ठेवण्याचे जाहीर केले. आपल्याकडे सगळ्या मशीन एकाच संस्थेच्या असल्याने ही भीती कमी आहे. केएसएम चालू राहू द्यायचे, पण त्याने वाचवलेला एकही जीबी हिशेबात धरायचा नाही.

३ डिसेंबर

व्यवस्थापकांबरोबर अंबडला बैठक झाली. त्यांचे म्हणणे सरळ होते : "भाऊ, एवढा काथ्याकूट कशाला, रॅम वाढवून टाका ना. हंगामात एक कंटेनर अडकला तर त्याच्यापुढे रॅमचा खर्च काहीच नाही." त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण सध्या मेमरीचे भाव चढलेले आहेत, या सर्व्हरच्या स्लॉटमध्ये सगळ्या स्टिक बसलेल्या असल्याने वाढवायचे तर जुन्या काढूनच नव्या घालाव्या लागतील, आणि एआरसीची मर्यादा तशीच सोडली तर २५६ जीबी टाकल्यावर तोही १२८ पर्यंत वाढायला मोकळा होईल. आधी मर्यादा घालू, भारचाचणी करू आणि त्यातही कमी पडले तरच खरेदी करू, यावर ते राजी झाले. अट एकच घातली : २५ डिसेंबरनंतर सर्व्हरला हात लावायचा नाही.

९ डिसेंबर

नव्या वाटपाचा आराखडा. लेखा विभाग २८, ट्रेसेबिलिटी २४, रिमोट डेस्कटॉप २८, फाइल ८, कॅमेरे ८, वजनकाटा ४, देखरेख २. चाचणीची मशीन हंगामभर बंद. बेरीज १०२. एआरसीसाठी प्रॉक्समॉक्सच्या दस्तऐवजातला ठोकताळा २ जीबी अधिक दर टेराबाइट साठवणुकीमागे १ जीबी असा आहे. आपली साठवणूक ८ टेराबाइटची आहे, म्हणून १० जीबी. प्रत्येक मशीनच्या प्रक्रियेला गेस्टच्या मेमरीपलीकडे थोडी जास्तीची मेमरी लागते, ती आणि होस्टचे स्वतःचे काम मिळून ७ जीबी धरले. एकूण ११९ झाले आणि ९ हाताशी उरले. हंगामात ओव्हरकमिट करायचे नाही, हे तत्त्व या आकड्यांनी पाळले जाते.

दुसरा मुद्दा दोन प्रोसेसरचा. १२८ जीबी हा एक सलग साठा नाही. प्रत्येक प्रोसेसरच्या स्वतःच्या बाजूला ६४ जीबी आहेत आणि पलीकडच्या प्रोसेसरच्या मेमरीपर्यंत जायला जास्त वेळ लागतो. एखादी मशीन दोन्ही बाजूंना पसरली की ती बंद पडत नाही, तक्रारही करत नाही, फक्त विनाकारण संथ होते. नवे आकडे अशा बेताने धरले आहेत की ट्रेसेबिलिटी आणि लेखा विभाग मिळून ५२ जीबी पहिल्या बाजूला बसतात आणि बाकीच्या ५० जीबीच्या मशीन दुसऱ्या बाजूला जातात. मशीनला ठराविक बाजूला बांधताना 'बाइंड' हे धोरण न वापरता 'प्रिफर्ड' वापरायचे. 'बाइंड'मध्ये एक बाजू भरली की दुसरीकडे मेमरी मोकळी असूनही कर्नल प्रक्रिया मारू शकतो, आणि मग ज्या संकटातून बाहेर पडायचे तेच आपण हाताने ओढवून घेऊ.

ट्रेसेबिलिटीच्या मशीनला होस्टवर मोठी पेजे राखून ठेवावीत का, याचाही विचार केला. व्हर्च्युअल मशीनमध्ये मेमरीतल्या पत्त्याचे भाषांतर दोनदा होते, गेस्टच्या तक्त्यांतून आणि मग होस्टच्या तक्त्यांतून. दोन्हीकडे चार पातळ्या असतील तर भाषांतर आधीपासून हाताशी नसलेल्या एका पत्त्यासाठी वाईटात वाईट स्थितीत मेमरीत २४ वेळा पाहावे लागते. ४ केबीऐवजी २ एमबीची पेजे असली की ही पायपीट कमी होते. परंतु लिनक्स शक्य तिथे २ एमबीची पेजे स्वतःहून वापरतो, आणि राखीव मोठी पेजे घेतली की त्या मशीनची मेमरी सुरुवातीलाच पूर्ण अडकते. आपल्या भारासाठी एवढा ताठरपणा नको. तसेच राहू दिले.

१३ डिसेंबर

शनिवारी संध्याकाळी पॅकहाऊसचे काम आटोपल्यावर बदल केले. एआरसीची कमाल मर्यादा १०७३७४१८२४० बाइट लिहिली. प्रणालीची मूळ डिस्कही झेडएफएसवरच असल्याने सुरुवातीची बूट-प्रतिमा नव्याने तयार केली. हे राहून गेले तर फाइलमध्ये मर्यादा दिसते आणि पुढच्या रीबूटनंतर लागू मात्र होत नाही. सगळ्या मशीन बंद करून होस्ट रीबूट केला आणि मशीन आराखड्याच्या क्रमाने सुरू केल्या. मेमरी कोणत्या बाजूला बसली ते तपासले. रिमोट डेस्कटॉपचा थोडा भाग पहिल्या बाजूला गेला आहे, तो चालेल.

ट्रेसेबिलिटीत पोस्टग्रेस या डेटाबेसचे सामाईक बफर मूळच्या १२८ एमबीवरच होते, ते ६ जीबी केले. एकेका जोडणीला सॉर्टिंगसाठी मिळणारी मेमरी मात्र वाढवली नाही, कारण हॅन्डहेल्ड स्कॅनर, लेबलचे प्रिंटर आणि पॅलेटचे टेबल मिळून हंगामात जोडण्या भरपूर असतात. ती मेमरी जोडणीगणिकच नव्हे, तर एका क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टगणिक लागू शकते.

१६ डिसेंबर

स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की पेजे ठेवायची डिस्कवरची जागा. होस्टला स्वॅप नव्हतेच. झेडएफएसच्या व्हॉल्यूमवर स्वॅप ठेवला तर मेमरीच्या टंचाईतच तो लिहिण्यासाठी आणखी मेमरी मागतो आणि सर्व्हर गोठू शकतो, म्हणून तो मार्ग टाळला आणि वेगळ्या एसएसडीच्या विभाजनावर ८ जीबी स्वॅप दिले. होस्टची स्वॅप करण्याची प्रवृत्ती ६० वरून १० वर आणली. गेस्टचे कोणते पेज कामाचे हे होस्टला कळत नाही, त्यामुळे तो डेटाबेसचे ताजे पेजही बाहेर काढू शकतो. स्वॅप आहे ते एकदम कडा कोसळू नये एवढ्यासाठीच.

आणि इतके करूनही मेमरी संपलीच, तर कोण जाणार हे आता आपण ठरवले आहे. प्रत्येक मशीन सुरू झाल्यावर चालणारी एक छोटी स्क्रिप्ट त्या प्रक्रियेचा बळी-गुणांक बदलते. या गुणांकाची व्याप्ती उणे १००० ते अधिक १००० अशी असते. देखरेखीच्या मशीनला अधिक ५००, कॅमेऱ्यांना अधिक ३००, ट्रेसेबिलिटीला उणे ५०० आणि लेखा विभागाला उणे ३०० दिले. उणे १००० कोणालाच दिले नाही, कारण ज्याला हातच लावता येत नाही अशी मोठी प्रक्रिया ठेवली तर कर्नल होस्टच्या स्वतःच्या सेवा मारू लागेल. कॅमेरे अधिकात का, असे व्यवस्थापकांनी विचारले. थोडा वेळ रेकॉर्डिंग गेले तर चालेल की पेट्यांची नोंद गेली तर चालेल, असे त्यांनाच विचारल्यावर प्रश्न मिटला.

२२ डिसेंबर

भारचाचणी घेतली. गेल्या हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचे व्यवहार ट्रेसेबिलिटीच्या डेटाबेसच्या प्रतीवर पुन्हा चालवले, त्याच वेळी लेखा विभागाचे जड अहवाल लावले, रिमोट डेस्कटॉपवर सगळ्यांना लॉगिन करायला सांगितले आणि मधेच मुद्दाम बॅकअप सुरू केला. मोकळ्या मेमरीच्या आकड्यापेक्षा मी कर्नलच्या प्रेशर स्टॉलच्या आकड्याकडे पाहत होतो. लिनक्सच्या ४.२० पासून मिळणारा हा आकडा मेमरीची वाट पाहण्यात कामाचा किती टक्के वेळ गेला ते सांगतो, आणि भरलेला होस्ट आणि अडचणीतला होस्ट यांतला फरक त्यातूनच कळतो. चाचणीभर तो शून्याच्या आसपास राहिला आणि उपलब्ध मेमरी ६ जीबीच्या खाली गेली नाही. एआरसी १० वर पोहोचून तिथेच थांबला.

अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. होस्ट निवांत असताना रिमोट डेस्कटॉपच्या आत विंडोज डिस्कवरून पेजे ओढत होता. प्रत्येक जण ब्राउझरच्या टॅबची माळ उघडी ठेवून बसतो आणि त्यातच अपेडाच्या (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेट या द्राक्षांच्या ट्रेसेबिलिटीच्या प्रणालीच्या पानांवर काम चालते. होस्टवरचे सगळे आलेख हिरवे असताना गेस्ट दमलेला असू शकतो, ते पाहायला त्याच्या आतच जावे लागते. हाताशी असलेल्या ९ पैकी २ जीबी या मशीनला देऊन ती ३० वर नेली. निष्क्रिय सत्रे ठराविक वेळाने आपोआप बंद व्हावीत असेही लावले, याबद्दल कार्यालयात थोडी नाराजी आहे.

५ जानेवारी २०२६

प्लॉटच्या छाटणीच्या तारखा ट्रेसेबिलिटीच्या डेटाबेसमध्येच असतात. त्यावरून पाहिले तर नोंदणी झालेल्या प्लॉटांचा मोठा गट फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम काढणीला येतो. बॅकअपची वेळ तेवढ्यापुरती मध्यरात्रीनंतर ढकलली.

१९ जानेवारी

काढणी सुरू झाली आहे. कॅमेऱ्यांच्या मशीनमधली रेकॉर्डिंगची सेवा रोज थोडी मेमरी खाते आणि सोडत नाही, असे आलेखात दिसले. रेष सकाळ-संध्याकाळ न पाहता तिरकी वर चढते. ती ८ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना धोका नाही, पण मशीन स्वतःच बंद पडेल. त्या सेवेला आतमध्ये ६ जीबीची कमाल मर्यादा घातली आणि मर्यादा ओलांडून ती बंद पडली की तिने आपोआप पुन्हा सुरू व्हावे असे लावले. तात्पुरता उपाय आहे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे तक्रार नोंदवली आहे.

१२ फेब्रुवारी

गर्दीचा पंधरवडा जवळजवळ संपला. ट्रेसेबिलिटी एकदाही थांबली नाही. प्रेशर स्टॉलचा मिनिटाचा सरासरी आकडा ५ टक्क्यांवर गेला तर मोबाइलवर सूचना यावी असे लावले होते. ती एकदाच आली, आणि तेव्हा कोणीतरी रिमोट डेस्कटॉपच्या मशीनचा मेमरीसकट स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घेत होते. हंगाम संपेपर्यंत मेमरीसकट स्नॅपशॉट घेण्याची परवानगी काढून घेतली.

रॅमची खरेदी पुढे ढकलली आहे, रद्द केलेली नाही. फाइल सर्व्हर ८ जीबीत सुखाने आहे. ट्रेसेबिलिटीत उपलब्ध मेमरी सतत ९ जीबीच्या वर राहिल्याने एप्रिलनंतर तिला २० वर आणता येईल आणि त्यातून चाचणीच्या मशीनला जागा होईल. चाचणीच्या मशीनला तेव्हा किमान ४ आणि कमाल १६ अशा मर्यादा देऊन बलूनिंग फक्त तिच्यापुरते चालू करायचे आहे.